स्कोअर लिहिणारा पण खेळतोच की

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेले होते की ऑनलाइन लीगचं टेबल जो सांभाळतो त्याने स्वतःच्या टीमच्या नोंदींना हात लावू नये. एवढीच ओळ. त्यावर इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. बरेच जण चिडलेत आणि मला ते कळतं, कारण हे काम सगळे फुकट करतात, झोप मोडून करतात आणि वर कोणी 'यात तुझा इंटरेस्ट आहे' म्हटलं की डोकं सटकतंच. माझं पण सटकलं होतं एकदा, ते खाली येईलच.

प्रश्न: ताई, आमची ऑनलाइन क्रिकेट गेमची लीग आहे, आठ टीम. तीन सीझन झाले पॉइंट्स टेबल मीच बघतो, आणि एका टीममधून खेळतो पण, हे सगळ्यांना पहिल्यापासून माहितीये. गेल्या आठवड्यात एका मॅचचा रिझल्ट उलटा पडला होता, म्हणजे जिंकलेली टीम हरलेली दाखवत होती, ते मी रात्री बघितलं आणि लगेच दुरुस्त केलं. त्यामुळे आमची टीम पाचव्यावरून चौथ्यावर आली आणि सेमीत गेली. दुरुस्ती शंभर टक्के बरोबर होती, माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे. तरी सकाळी ग्रुपवर मला चोर ठरवून मोकळे. तीन वर्षांच्या कामाची ही किंमत? सोडून द्यावंसं वाटतंय.
— फुकटचा चोर

उत्तर: आधी माझी गोष्ट ऐका, मग सोडायचं का ते ठरवा.

मी पण अशाच एका लीगचं टेबल चार सीझन सांभाळलंय, वीस ओव्हरच्या मॅचेस, आणि नेट रनरेट (ओव्हरमागे काढलेले रन वजा ओव्हरमागे दिलेले रन) काढायला शीटमध्ये फॉर्म्युला लावलेला. चौथ्या सीझनला आमची टीम रनरेटवर सेमीत गेली, फरक अगदी दुसऱ्या दशांशात. आम्ही नाचलो वगैरे. दुसऱ्या दिवशी जी टीम बाहेर गेली तिच्या कॅप्टनचा एका ओळीचा मेसेज आला: "तुझ्या शीटला १८.३ ओव्हर म्हणजे किती वाटतात?"

मला दोन मिनिटं कळलंच नाही, आणि मग कळलं तेव्हा पोटात गोळा आला. १८.३ म्हणजे अठरा ओव्हर आणि तीन बॉल, म्हणजे साडेअठरा. पण शीट बिचारी ते आकडा म्हणून वाचते आणि सरळ १८.३ ने भागते. १६० रन १८.३ ने भागले की ८.७४ येतात, साडेअठराने भागले की ८.६५. एका मॅचला इतका फरक. आता तुम्ही म्हणाल चूक तर सगळ्यांच्याच आकड्यात होती. होती, पण फायदा सारखा नव्हता. जी टीम पूर्ण २० ओव्हर खेळते किंवा ऑलआउट होते तिचे अख्खे २० च धरतात, तिथे चूक व्हायला जागाच नाही. फायदा होतो तो चेस करून चार बॉल, नऊ बॉल शिल्लक ठेवून जिंकणाऱ्या टीमला. आणि आम्ही टॉस जिंकला की डोळे झाकून बॉलिंग घ्यायचो, सीझनभर.

तो फॉर्म्युला मी पहिल्या सीझनला लिहिला होता, तेव्हा आमची टीम तळाला होती, त्यामुळे मुद्दाम करायचा प्रश्नच नव्हता. हे मी ग्रुपवर तीन वेळा लिहिलं. कोणालाही पटलं नाही, आणि खरं सांगू, त्यांच्या जागी मी असते तर मला पण पटलं नसतं. सगळे ओव्हर बॉल्समध्ये बदलून परत गणित केलं, आम्ही पाचवे आलो, बाहेर गेलो. चूक तर सुटली पण माझ्यावरचा डाग काही त्या सीझनला गेला नाही.

तर तुमच्याकडे येऊ. तुमची दुरुस्ती बरोबर होती हे मी मानते, पण ग्रुपवरच्या लोकांना सकाळी काय दिसलं ते बघा: रात्री झोपताना तुमची टीम पाचवी, सकाळी उठले तर चौथी, आणि मध्ये शीट उघडणारा माणूस एकच. तुमच्याजवळ स्क्रीनशॉट होता ना, मग तो ग्रुपवर टाकून "ही नोंद उलटी पडलीये, माझ्या टीमचा फायदा होतोय म्हणून मी हात लावत नाही, दुसऱ्या कोणीतरी करा" एवढं लिहिलं असतं तर सकाळी तेच टेबल, तीच सेमी आणि वर चार जणांनी अंगठा दाखवला असता. बारा तासांनी काही बिघडत नव्हतं.

आता झालंय त्याचं काय, तर रागाच्या भरात नोंद परत जुन्यावर नेऊ नका, खरी नोंद खरीच राहू दे. तुमच्या टीमबाहेरच्या दोघांना पुरावा द्या, त्यांना तपासू द्या आणि 'तपासलं, बरोबर आहे' असं त्यांच्याच नावाने येऊ दे. आणि आजपासून शीटमध्ये 'बदल' नावाचा एक टॅब काढा: तारीख, कुठली मॅच, आधी काय होतं, आता काय आहे, कोणी बदललं, कोणाच्या सांगण्यावरून. लोक म्हणतात गूगल शीट्समध्ये व्हर्जन हिस्टरी असते की, असतेच, पण ज्यांना फक्त बघायचा ॲक्सेस दिलाय त्यांना ती दिसत नाही, म्हणजे ज्याला शंका आहे नेमका त्यालाच दिसत नाही. टॅब सगळ्यांना दिसतो.

सोडू नका. पण एकट्याने करू पण नका.

प्रश्न: स्वतःच्या मॅचचा रिझल्ट मीच टाकला तर काय बिघडलं? समोरचा पण ओके म्हणतो.
— घाईतला

उत्तर: टाकायला काही हरकत नाही. टाकणं वेगळं आणि पक्कं करणं वेगळं. खेळणाऱ्याने रिझल्ट भरायचा आणि तिसऱ्याने तो पक्का करायचा, एवढं पाळलं की झालं. समोरच्याचं 'ओके' मात्र फोनवर किंवा खासगीत नको, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी हवं, कारण दोन महिन्यांनी तोच म्हणतो मी कुठे ओके म्हटलं होतं.

प्रश्न: नमस्कार. आमची ऑनलाइन बुद्धिबळाची लीग स्विस पद्धतीने होते, म्हणजे कोणी बाद होत नाही, दर राउंडला साधारण सारख्या पॉइंटवाल्यांची जोडी लागते, सात राउंड. मी ॲडमिन आहे आणि खेळतो. तुम्ही जे लिहिलंत ते मी आधीपासून काटेकोर पाळतो, माझ्या एकाही गेमला मी हात लावत नाही, तो दुसरा ॲडमिन बघतो. मी फक्त इतरांच्या वादांचे निर्णय देतो. तरी या वेळी एकाने आक्षेप घेतला की दुसऱ्या दोघांच्या गेममध्ये मी निर्णय दिला तो माझ्या फायद्याचा होता. त्या दोघांशी माझा काडीचा संबंध नाही! याला काय म्हणायचं?
— पटावरचा पंच

उत्तर: याला म्हणायचं बुकहोल्ट्झ. हसू नका, खरंच.

तुमच्या लीगचा टायब्रेक, म्हणजे बरोबरी फोडायचा नियम, काय आहे ते पत्रात नाहीये पण स्विस म्हटलं की बहुतेक ठिकाणी बुकहोल्ट्झ किंवा त्याच्या भावंडांपैकी काहीतरी असतं. त्याचा हिशोब असा की पॉइंट सारखे झाले तर तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्या सगळ्यांचे पॉइंट बेरीज करायचे, ज्याची बेरीज जास्त तो वर. कल्पना चांगली आहे, तगड्या लोकांशी खेळून ५ पॉइंट मिळवणारा आणि कच्च्यांशी खेळून ५ मिळवणारा यांच्यात फरक करायला हवाच. पण त्यामुळे होतं काय की तुमचे जुने प्रतिस्पर्धी पुढच्या राउंडला जिंकतात का हरतात यात तुमचा जीव अडकलेला असतो.

समजा शेवटी तुमचे ५ आणि दुसऱ्या एकाचे पण ५. तुमची बेरीज २७, त्याची २७.५. आणि सहाव्या राउंडला एका गेममध्ये नेट गेलं, वाद आला, तुम्ही निर्णय दिलात की ज्याचं नेट गेलं तो हरला. जिंकला तो कोण, तर ज्याच्याशी तुम्ही दुसऱ्या राउंडला खेळला होतात तो. त्याला एक पॉइंट जास्त, तुमची बेरीज २८, तुम्ही वर. तुम्हाला हे निर्णय देताना माहीत असेलच असं नाही, मी तर म्हणते बहुतेक माहीत नसणारच, तुम्ही नियम बघितला आणि निर्णय दिला. पण आक्षेप घेणाऱ्याने बेरीज केली आणि त्याला दिसलं.

क्रिकेटच्या टेबलात पण हेच असतं, शेवटच्या आठवड्यात तुमचं सेमीत जाणं दुसऱ्याच दोघांच्या मॅचवर टांगलेलं असतं. म्हणून 'ही माझी मॅच आहे का' हा प्रश्न पुरत नाही. विचारायचं हे की या निर्णयाने टेबलात माझी ओळ हलते का. आणि हे तपासायला डोकं पण चालवावं लागत नाही: शीटची एक कॉपी काढा, वादातल्या गेमचा रिझल्ट एकदा असा टाकून बघा, एकदा तसा टाकून बघा. तुमचं नाव एक जरी जागा वरखाली झालं तर निर्णय दुसऱ्याकडे द्या. लीग अर्ध्यात असेल तर नाव आत्ता हलणार नाही पण टायब्रेकचा आकडा हलेल, तेवढ्यावरच सोडून द्या.

रेटिंग तुम्हीच चालवत असाल तर अजून एक खाच आहे. समजा १६०० चा खेळाडू १४०० वाल्याशी खेळतोय. ईलो या रेटिंग पद्धतीच्या हिशोबात दोनशेचा फरक असला की वरच्याने साधारण ०.७६ पॉइंट मिळवणं अपेक्षित असतं, आणि के फॅक्टर (एका गेमने रेटिंग जास्तीत जास्त किती हलेल तो आकडा) २० धरला तर जिंकला तर ४.८ रेटिंग पॉइंट मिळतात, हरला तर १५.२ जातात. आता १६०० वाला गेममध्ये मागे पडला आणि मध्येच डिस्कनेक्ट झाला. ही हार धरायची का 'गेम झालाच नाही' धरायचं? पंधरा पॉइंटचा प्रश्न आहे, आणि तो १६०० वाला जर स्वतः ॲडमिन असेल तर बघायलाच नको. असले नियम सीझन सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवायचे असतात, किती चालींनंतर गेम धरायचा, किती मिनिटं थांबायचं, कारण तेव्हा कोणालाच माहीत नसतं की आपण वादाच्या कुठल्या बाजूला असू.

प्रश्न: ताई, मी ॲडमिन ग्रुपमध्ये आहे. माझ्या टीमचा वाद आला की मी एक शब्द बोलत नाही, नुसता वाचतो. तरी बाकीचे म्हणतात तेवढ्या वेळापुरता ग्रुपबाहेर जा. हा अपमान नाही का?
— गप्प बसणारा

उत्तर: नाही हो, अपमान कसला. तुमच्यासारखाच एक जण शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये गप्प बसला होता. अपघाताची केस, मोटरसायकलवाल्यावर बेदरकार गाडी चालवल्याचा खटला. न्यायाधीशांच्या मदतीला जो क्लार्क होता तो नेमका त्याच वकिलांच्या फर्ममधला होता जी फर्म त्याच अपघाताबद्दल त्या मोटरसायकलवाल्याविरुद्ध नुकसानभरपाई मागत होती. निर्णय द्यायला न्यायाधीश आत गेले, क्लार्क पण बरोबर गेला, टिपणं घेऊन. त्याला कोणी काही विचारलं नाही, तो काही बोलला नाही, न्यायाधीशांनी शपथेवर तसं सांगितलं आणि वरच्या कोर्टाने ते खरं मानलं. तरी १९२३ साली वरच्या कोर्टाचे न्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट यांनी शिक्षा रद्द केली. न्याय नुसता होऊन चालत नाही, तो होताना दिसला पण पाहिजे, हे जे आपण ऊठसूट ऐकतो ते त्याच निकालातलं. म्हणजे ते वाक्य मुळात न्यायाधीशांबद्दल नव्हतंच, खोलीत नुसता बसलेल्या क्लार्कबद्दल होतं, मला हे कळलं तेव्हा फार गंमत वाटली.

आणि व्यवहारातलं बघा, तुम्ही ग्रुपमध्ये आहात म्हटल्यावर बाकीचे मोकळेपणी बोलतील का तुमच्या टीमविरुद्ध? तुम्ही वाचताय हे त्यांना दिसतंय. दोन दिवस बाहेर राहा, निर्णय झाला की परत या. सगळ्यांनाच हा नियम असला की मग अपमानाचा प्रश्न येत नाही.

प्रश्न: आमच्या टीम लीगमध्ये प्रत्येक राउंडआधी कॅप्टन लोक लाइनअप (कोण कुठल्या बोर्डावर खेळणार ती यादी) मला पाठवतात, डेडलाइन झाली की मी सगळ्या एकदम जाहीर करते. मी एका टीमची कॅप्टन आहे. मी कधीही दुसऱ्यांची बघून आमची बदललेली नाही, पण हे सिद्ध कसं करू?
— शेवटची पाठवणारी

उत्तर: सिद्ध करता येणार नाही, म्हणूनच हे या सगळ्या पत्रांमधलं सगळ्यात वाईट प्रकरण आहे, तुमचा दोष नसून. रिझल्ट चुकीचा टाकला तर तो मागाहून पकडता येतो. पण बघितलेलं पकडता येत नाही. व्हर्जन हिस्टरीत कोणी बदललं ते येतं, कोणी नुसतं वाचलं ते येत नाही. आणि एकदा दुसऱ्याची लाइनअप डोळ्यांखालून गेली की माणूस कितीही सज्जन असला तरी ती विसरून आपली कशी ठरवणार? पहिल्या बोर्डावर कोण येतोय हे माहीत असताना तुम्ही आमच्या अमक्याला विश्रांती द्या म्हणालात, तर ते विश्रांतीसाठी होतं का हे तुम्हाला स्वतःलाच सांगता येणार नाही.

तुमची सही वाचून मला जरा हसू आलं आणि काळजी पण वाटली. शेवटची पाठवू नका, सगळ्यात पहिली पाठवा, आणि ती पण सगळ्यांसमोर. म्हणजे बाकीच्यांच्या यायला सुरुवात व्हायच्या आधी तुमच्या टीमची लाइनअप जाहीर झालेली हवी. यात तुमचं नुकसान आहे, बाकीचे बघून खेळतील. ते नको असेल तर फॉर्म न खेळणाऱ्या कोणाच्या तरी अकाउंटवरून काढा, उत्तरं त्यालाच दिसतील, तुम्ही डेडलाइननंतर फक्त कॉपी करून टाका. दोन्हीपैकी काहीच जमत नसेल तर कॅप्टनपद किंवा लाइनअपचं काम, एक सोडावं लागेल. बाकी सगळ्यांना मी कुठलीतरी पळवाट सांगितली, इथे मला सापडत नाहीये.

प्रश्न: तुम्ही सगळ्यांना 'तिसऱ्याकडे द्या' सांगता. आमच्या लीगमध्ये सहाच जण आहेत. सहाच्या सहा जण खेळतात आणि प्रत्येकाचा प्रत्येकाशी हिशोब बाकी आहे. तिसरा आणू कुठून?
— सहातला एक

उत्तर: बरोबर बोललात, आणि हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. तटस्थ माणूस शोधायच्या नादात बऱ्याच छोट्या लीग बंद पडतात. तटस्थ नसला तरी चालतं, दोन विरुद्ध बाजूचे हवेत.

क्रिकेटचे नियम बघा. एमसीसी, म्हणजे क्रिकेटचे नियम ठरवणारा लंडनचा क्लब, त्यांच्या नियमांत तिसरा नियमच स्कोररचा आहे आणि त्यात स्कोरर दोन सांगितलेत, एक नाही. आणि त्यांनी आपापल्या नोंदी वरचेवर एकमेकांशी ताडून बघायच्या. साध्या मॅचेसमध्ये हे दोघे येतात कुठून, तर दोन्ही टीमकडून एकेक! म्हणजे दोघांनाही आपली टीम जिंकावी असं मनापासून वाटतंय, दोघांपैकी एकही तटस्थ नाही, आणि ते शेजारीशेजारी बसून प्रत्येक रन लिहितात. एकाने चोरून चौकार वाढवला तर दुसऱ्याच्या वहीशी जुळणार नाही. प्रामाणिकपणा असेल तर छानच, नसला तरी वह्या जुळाव्या लागतात.

तुमच्याकडे तेच करा. प्रत्येक मॅचचा रिझल्ट दोघांनी वेगवेगळा भरायचा, एकमेकांचं न बघता, जुळला तर पक्का. नाही जुळला तर उरलेल्या चौघांतले, ज्यांची टेबलातली ओळ हलत नाही ते ठरवतील, आणि सगळ्यांचीच हलत असेल तर मॅच परत खेळा, सहाच जण आहात, होईल. त्यात वेळ जाईल पण वाद घालण्यात पण तेवढाच जातो.

अजून एक सांगते. टेस्ट क्रिकेटमध्ये १९९४ पासून एक अंपायर तिसऱ्या देशाचा आणि २००२ पासून दोन्ही तिसऱ्या देशाचे, असा नियम आला. पण २०२० मध्ये कोविडमुळे प्रवास बंद झाला तेव्हा आयसीसीला परत यजमान देशाचेच अंपायर घ्यावे लागले. मग त्यांनी त्याच वेळी काय केलं, तर टेस्टमध्ये प्रत्येक टीमला एका इनिंगमध्ये दोन रिव्ह्यू मिळायचे ते तीन केले. म्हणजे बाहेरचा माणूस मिळत नाही ना, मग दाद मागायची संधी वाढवा. सहा जणांच्या लीगला हे जसंच्या तसं लागू होतं: निर्णय कोणीही देऊ दे, पण प्रत्येकाला सीझनमध्ये दोन-तीनदा 'हे परत बघा' म्हणायचा हक्क लिहून द्या आणि तो वापरला म्हणून कोणी तोंड वाकडं करायचं नाही.

प्रश्न: एका व्हिडिओ गेमच्या वेळेच्या रेकॉर्डची यादी मी ठेवतो. पहिला नंबर चार वर्षं माझाच आहे. आता एका नवख्याने माझी वेळ मोडल्याचं पाठवलंय पण व्हिडिओचे शेवटचे काही सेकंद अंधुक आहेत. मी नाकारलं तर लोक म्हणणार जळतो, स्वीकारलं तर कच्चा रेकॉर्ड लागणार.
— पहिल्या नंबरवाला

उत्तर: तुम्ही काहीच करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवाल्यांना पण देऊ नका, त्यांची पण जागा घसरते. दहाव्या-बाराव्या नंबरच्या दोघांना द्या, त्यांना काही फरक पडत नाही.

पण देण्याआधी एक करा: तुमचा स्वतःचा चार वर्षांपूर्वीचा पुरावा उघडून बघा. त्याचे शेवटचे सेकंद स्वच्छ आहेत का? मुळात व्हिडिओ आहे का अजून? जुन्या रेकॉर्डना बऱ्याचदा 'तेव्हा चालायचं' एवढाच आधार असतो. ड्रॅगस्टर नावाच्या जुन्या अटारी गेमचा ५.५१ सेकंदांचा एक रेकॉर्ड १९८२ सालचा म्हणून पस्तीस वर्षं यादीत होता. शेवटी कोणीतरी गेमचा कोडच उलगडून बसला, त्यातून निघालं की ५.५७ च्या खाली वेळ येऊच शकत नाही, आणि जानेवारी २०१८ मध्ये तो रेकॉर्ड काढून टाकला गेला. तोपर्यंत यादीत आकडा होता, मूळ पुरावा कोणी नीट बघितलाच नव्हता. म्हणून आकड्याशेजारी पुराव्याची लिंक आणि कोणी तपासलं त्याचं नाव, हे दोन कॉलम हवेतच, तुमच्या ओळीत पण.

नवख्याला अंधुक म्हणून नाकारायचं असेल तर तोच नियम लावून तुमची वेळ टिकते का ते आधी जाहीर करा. नाही टिकली तर दोन्ही ठेवा किंवा दोन्ही काढा. त्रास होईल, माहितीये.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ एका टीममध्ये आहे, मी कुठल्याच टीममध्ये नाही. तरी सांगायला हवं का?
— मोठी बहीण

उत्तर: हो. सीझनच्या सुरुवातीला एका ओळीत सांगून टाका आणि त्याच्या मॅचेस दुसऱ्याकडे. भाऊ, नवरा, बायको, जिवलग मैत्रीण, ज्याच्याबरोबर दुसऱ्या लीगमध्ये टीम आहे तो, सगळे यात आले. आणि ज्याच्याशी भांडण आहे तो पण, हे लोक विसरतात. दुश्मनाच्या मॅचचा निर्णय देणं पण तेवढंच अवघड असतं. आधी सांगितलं तर ती माहिती असते, नंतर कोणी शोधून काढलं तर ते लफडं होतं.

प्रश्न: पाच वर्षं झाली. आता मला नुसतं खेळायचंय, टेबल दुसऱ्याला द्यायचंय. कधी आणि कसं देऊ की कोणी काही बोलणार नाही?
— दमलेला

उत्तर: बोलणारे बोलतीलच, पण सीझनच्या मध्ये देऊ नका, त्यातही तुमची टीम नुकतीच हरलेली असताना तर नाहीच. दोन सीझनच्या मधल्या सुट्टीत द्या. शीटची मालकी नवीन माणसाच्या अकाउंटवर करा, नुसता एडिट ॲक्सेस देऊन स्वतः मालक राहू नका, आणि मालकी गेली की स्वतःचा एडिट ॲक्सेस पण काढून घ्यायला सांगा, 'अडचण आली तर मी आहेच' म्हणून ठेवलेला ॲक्सेसच पुढे नडतो. फॉर्म, जुने स्क्रीनशॉट, ॲडमिन अकाउंटचे पासवर्ड, सगळं एका बैठकीत. नव्या माणसाला शेजारी बसवून एक जुनी मॅच सुरुवातीपासून भरायला लावा, तुम्ही कीबोर्डला हात न लावता. आणि क्रिकेटची लीग असेल तर ओव्हरचा कॉलम उघडून दाखवा त्याला, १८.३ लिहू नको म्हणावं, १११ बॉल लिही.